ऑरोराच्या ॲपवर केपी ५ दिसला म्हणून लगेच उड्या मारू नका

मे २०२४ मध्ये लडाखच्या हानले वेधशाळेतून लाल ऑरोराचे, म्हणजे सौर वादळामुळे रात्रीच्या आकाशात उमटणाऱ्या रंगीत उजेडाचे फोटो आले, आणि तेव्हापासून कुठे सौर वादळाची बातमी आली की आमच्या म्हापशाच्या ग्रुपवर प्रश्न ठरलेला, शापोऱ्याच्या किल्ल्यावरून काय दिसेल काय रे? नाही दिसणार. हानले ३२ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर, आपण १५ वर, आणि ते वादळ जी५ म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं होतं, तरी तिथे क्षितिजाजवळ नुसती लाल झाक आली. ऑक्सिजनचा लाल उजेड २०० किमीच्या वर तयार होतो म्हणून लांबून दिसतो, हिरवा १००-१५० किमीवरचा, तो पृथ्वीच्या गोलाईआड जातो. आपल्या समुद्रात रात्री हिरवं काय दिसलं तर तो मासे ओढायला ट्रॉलरने लावलेला एलईडी समजा, बंदी असली तरी!

आता जे खरंच नॉर्वेत ट्रोम्सोला वगैरे जातायत त्यांच्यासाठी. ॲपवर जो केपी दिसतो तो पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती खवळलंय ते सांगणारा, ० ते ९, तीन-तीन तासांचा आणि अख्ख्या पृथ्वीचा मिळून एक आकडा. ट्रोम्सो ऑरोराच्या पट्ट्याखालीच येतं, तिथे केपी २ पण पुरतो. खरं बघायचं ते बीझेड, म्हणजे सौरवाऱ्यासोबत येणारं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे. दक्षिणेकडे म्हणजे मायनसमध्ये गेलं आणि तसंच टिकलं तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळून ऊर्जा आत घुसते, प्लसमध्ये राहिलं तर भारित कणांचा केवढाही मोठा ढग सूर्यावरून सुटलेला असो, खेळ बहुतेक फुसका. आणि गोची अशी की सूर्यावरून ढग सुटलेला दिसतो, वेग काढता येतो, एक ते तीन दिवसांत पोचेल असं सांगता येतं, पण त्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कळते तो पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला १५ लाख किमीवरच्या एल१ बिंदूपाशी आला की (आपलं आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे), आणि तिथून पुढे हातात साधारण पाऊण तास, कधी त्याहून कमी. म्हणून तीन दिवसांचा अंदाज म्हणजे अख्ख्या गोव्याला ऑरेंज अलर्ट, आणि पाऊस पडतो वाळपईत, पणजी कोरडी.

बाकी सगळं जुळलं तरी आभाळात आपले नेहमीचे ढग असले तर संपलं, तिथले गाइड सरळ फिनलंडच्या बाजूला गाडी काढतात ते त्यासाठीच. मे महिन्याची शाळेची सुट्टी यासाठी बाद, तेव्हा तिथे रात्री काळोखच होत नाही, सप्टेंबर ते मार्चमध्ये जा. आणि ऑरोरा फिका असला तर डोळ्याला पांढुरका ढगच वाटतो, अशावेळी फोन नाइट मोडवर टाकून एक फोटो काढा, हिरवा आला तर तोच.