ट्यूननंतरचा इंजिन-इशारा दिवा
मोटारीची ताकद वाढवण्यासाठी इंजिन नियंत्रकातील आज्ञावली व तक्ते बदलले, म्हणजे रूढ भाषेत 'रिमॅप' किंवा 'ट्यून' केले, की त्यानंतर डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा पेटण्याचा प्रकार आणि त्याचे कारण शोधण्याची रीत. या दिव्याला सर्रास 'चेक इंजिन लाइट' म्हणतात. तेलाचा दाब किंवा पाण्याचे तापमान दाखवणारे लाल दिवे यात मोडत नाहीत. ते पेटले तर गाडी थांबवायची असते, दोषाचे निदान नंतर.

दिव्याच्या पूर्वेतिहासाबाबत एकमत नाही. १९६८ च्या सुमारास फोक्सवॅगनच्या टाइप ३ गाड्यांत आलेली इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण यंत्रणा ही गाडीवरील निदानपद्धतीची सुरुवात होय, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ती यंत्रणा ॲनालॉग होती आणि स्वतःतील बिघाड नोंदवून ठेवण्याची सोय तिच्यात नव्हती. त्यामुळे तिला इंधन-अंतःक्षेपणाच्या इतिहासात मानाचे स्थान देता येईल, निदानाच्या इतिहासात देणे ओढूनताणून वाटते. आजच्या अर्थाने दिवा आणि दोषसंकेत यांची जोडी जनरल मोटर्सच्या १९८०-८१ च्या संगणकीय नियंत्रणापासून धरणे अधिक सयुक्तिक ठरेल. त्या गाड्यांत निदान-सॉकेटातील दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली की दिवा लुकलुकून आकडे सांगे. एक लुकलुक, थोडा खंड, मग दोन लुकलुका म्हणजे संकेत १२. इंजिन बंद असताना हा संकेत येणे म्हणजे यंत्रणा शाबूत असल्याची खूण. पुढे कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून अशी देखरेख सक्तीची केली. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना ओबीडी-२ ही प्रमाणित पद्धत लागू झाली. युरोपात पेट्रोल मोटारींसाठी ती २०००-०१ च्या व डिझेलसाठी २००३-०४ च्या सुमारास आली. सोळा टोकांचे सॉकेट आणि 'पी०१७१' यासारखे पाच अक्षरी संकेत ही या प्रमाणीकरणाची देणगी होय. ज्या सॉकेटातून दोष वाचतात त्याच सॉकेटातून आज बहुतेक गाड्यांचे ट्यूनही चढवले जाते.

इंजिन बिघडले आहे, असे हा दिवा सांगत नाही. नियंत्रकाने बांधलेला अंदाज आणि सेन्सरने मोजलेले प्रत्यक्ष यांत ठरावीक मर्यादेपलीकडे फरक पडला, एवढेच तो सांगतो. त्या मर्यादा मुळात उत्सर्जनासाठी आखलेल्या आहेत. अमेरिकी नियमांत अनेक घटकांसाठी उत्सर्जन मानकाच्या साधारण दीडपट होण्याची शक्यता हा निकष धरला आहे. ट्यूनमध्ये नेमका हा अंदाजच बदललेला असतो, आणि गुंतागुंत तेथून सुरू होते.

दिवा पेटण्या-विझण्याचे नियम नीट समजले नाहीत तर दोषशोध फसतो. बहुतेक दोष पहिल्या फेरीत, म्हणजे इंजिन सुरू करून गाडी चालवून बंद करेपर्यंतच्या एका खेपेत, 'प्रलंबित' म्हणून नोंदले जातात आणि लागोपाठ दुसऱ्या फेरीतही आढळले तरच दिवा लागतो. सलग तीन फेऱ्या दोष न आढळल्यास दिवा विझतो, पण संकेत स्मृतीत राहतो आणि इंजिन चाळीस वेळा थंडावस्थेतून तापल्यावर पुसला जातो. मिसफायर (सिलिंडरमधील इंधन नीट न पेटणे) आणि इंधन-मिश्रण यांच्या दोषांना आणखी एक अट आहे. दोष ज्या परिस्थितीत नोंदला गेला तिच्याशी मिळतीजुळती परिस्थिती पुन्हा यावी लागते, म्हणजे नोंदलेल्या आकड्यांपासून इंजिनाच्या वेगाचा फरक मिनिटाला ३७५ फेऱ्यांच्या आणि भाराचा २० टक्क्यांच्या आत हवा, इंजिनही तितकेच तापलेले हवे. ट्यून केलेल्या गाडीचा मिसफायर बहुधा पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब कमाल असताना, नोंदलेला असतो. मालक मग प्लग बदलतो आणि आठवडाभर गाडी हळू चालवतो. 'दुरुस्ती करूनही दिवा जात नाही' ही तक्रार पुष्कळदा येथून येते. जुळणारी परिस्थितीच आलेली नसते.

मिसफायरची मोजणीही दोन मापांनी होते. उत्सर्जन वाढवणारा मिसफायर क्रँकशाफ्टच्या १,००० फेऱ्यांच्या गटात मोजतात, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू निवळणारा भाग) जाळू शकेल असा तीव्र मिसफायर २०० फेऱ्यांच्या गटात. दुसऱ्या प्रकारात दिवा लुकलुकतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय लगेच काढावा, कारण न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतली जाळी वितळू शकते. नियंत्रक मिसफायर ओळखतो तो क्रँकशाफ्टच्या गतीतील सूक्ष्म अडखळण्यावरून. म्हणून हलके फ्लायव्हील (क्रँकशाफ्टवरचे जड चाक) किंवा तीव्र कॅमशाफ्ट (झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा दांडा) बसवलेल्या गाडीत ठिणगी चोख पडूनही मिसफायरचा खोटा संकेत येऊ शकतो.

कारण ट्यूनमध्ये असते की गाडीत, यावर दोन मते आहेत. ट्यून करणारे म्हणतात की ट्यूनने फक्त आधीचा अशक्तपणा उघडा पाडला. गॅरेजवाल्यांचा कल ट्यूनलाच दोष देण्याकडे असतो. ठिणगीच्या बाबतीत पहिले मत अधिक पटते. बूस्ट वाढला की सिलिंडरमधील वायू दाट होतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते. झिजून फट रुंदावलेला प्लग व थकलेली कॉइल (प्लगला व्होल्टेज पुरवणारे वेटोळे) मूळ दाबावर निभावून नेतात, वाढीव दाबावर नाही. मिसफायरचा पी०३०० किंवा ठरावीक सिलिंडरचा पी०३०१ ते पी०३०४ येतो तो यामुळे. संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवून पाहणे ही साधी चाचणी आजही सर्वांत उपयोगी आहे. संकेत कॉइलबरोबर सरकला तर कॉइल दोषी, जागीच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा दाब तपासायचा.

हवामापनाच्या दोषांत मात्र दुसरे मत बळकट आहे. उष्ण तारेचा सेन्सर नळीतल्या हवेचा एक नमुना मोजतो, आणि एकूण हवा किती ते तक्त्यावरून ठरते. मोठ्या व्यासाची नळी बसवली आणि तक्ता जुनाच ठेवला तर हवा प्रत्यक्षाहून कमी मोजली जाते, मिश्रण पातळ होते आणि पी०१७१ उमटतो. तक्त्यात जादा भरपाई केली असेल तर मिश्रण गडद होऊन पी०१७२. येथे फ्युएल ट्रिमचे, म्हणजे नियंत्रक इंधनाच्या मात्रेत टक्केवारीने करत असलेल्या दुरुस्तीचे, आकडे बोलके ठरतात. थ्रॉटलच्या (हवेची झडप) पलीकडे, इंजिनाच्या बाजूस, गळतीतून हवा आत खेचली जात असेल तर आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) ट्रिम खूप चढते आणि वेग वाढेल तशी उतरते. नळीचा तक्ता चुकला असेल तर ती बहुतेक सर्व वेगांवर चढलेली राहते. इंधनपंप कमी पडत असेल तर भार वाढेल तशी चढते. आणि टर्बोच्या पुढची नळी बूस्टखाली फुसफुसत असेल तर मोजलेली हवा बाहेर निसटते, म्हणून भाराखाली मिश्रण उलट गडद होते. पी०२९९, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी बूस्ट, हा संकेत याच गळतीचा सोबती. नळीची क्लिप किंचित सैल असते, बूस्टखाली सांधा उघडतो आणि इंजिन बंद केले की पुन्हा बसतो. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पाहून काही सापडत नाही. धूर भरून तपासावे, किंवा सांध्याभोवती तेलाचा ओलसर कडा दिसतो का ते पाहावे.

पी०६०१ हा स्मृतीच्या बेरीज-पडताळणीचा संकेत मात्र बहुधा चढवलेल्या फाइलकडेच बोट दाखवतो. आज्ञावली चढवताना बॅटरी उतरली असल्यास इतर नियंत्रकांत 'यू'ने सुरू होणारे संपर्कदोष साचतात. ते एकदा पुसल्यावर परत आले नाहीत तर सोडून द्यावेत.

दोषशोधाच्या क्रमात पहिली चूक पुसण्याची होते. संकेत पुसला की दोष उमटल्या क्षणी गोठवलेली नोंदही जाते: वेग, भार, पाण्याचे तापमान, ट्रिम. समजा, नोंदीत ३,४०० फेऱ्या, ९६ टक्के भार आणि ८८ अंश तापमान दिसते. शोधाची अर्धी दिशा तिथेच ठरली. पुसल्याने स्वयंतपासण्यांची पूर्ततास्थितीही शून्यावर येते आणि उत्सर्जन तपासणीत गाडी 'तयार नाही' अशी दिसते. नोंद उतरवून घेतल्यावर शक्य असेल तेथे मूळ मॅप परत चढवून पाहावा. मूळ मॅपवरही दोष आला तर भाग तपासायचे; नाही आला तरी भाग निर्दोष ठरत नाही, कारण त्यावरचा ताणच उतरलेला असतो. म्हणून ट्यूनखाली मागितलेला व मिळालेला बूस्ट, लॅम्डा (हवा-इंधन प्रमाण), इंधनरेलमधला (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीतला) दाब आणि नॉकमुळे (इंधनाच्या अवेळी स्फोटामुळे) मागे ओढलेले प्रज्वलन यांची नोंद एकत्र घेणे इष्ट.

पी०४२० हा कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेचा संकेत वेगळा पडतो. कन्व्हर्टर काढून किंवा विरळ जाळीचा बसवून ट्यून केल्यावर तो येणे अपेक्षितच आहे. मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे चढउतार पुढच्या सेन्सरसारखे होऊ लागतात आणि नियंत्रक त्यावरून बरोबर निष्कर्ष काढतो. आज्ञावलीत हा संकेत बंद करण्याची प्रथा आहे. तिला दोषनिवारण म्हणता येत नाही. अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्याखाली उत्सर्जन-यंत्रणेशी असा खेळ बेकायदेशीर आहे. आज्ञावली बदलल्याचा पडताळणी-क्रमांकही याच सॉकेटातून वाचता येतो, त्यामुळे दिवा विझलेला असला तरी बदल लपत नाही.

डिझेल इंजिनांत काजळी-गाळणी आणि निष्कास-पुनर्चक्रण (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात वळवणारी यंत्रणा) यांचे दोष प्रमुख असतात. जास्त इंधनामुळे काजळी वाढून गाळणी लवकर भरते आणि पी२४६३ सारखा संकेत येतो.