कात्री लागलेल्या बोटात काय चालतं

निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या पट्ट्यात द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, सुरू झाली की कुणाच्या ना कुणाच्या बोटाला कात्री लागतेच. जखम छोटी असते, पण मातीतले, शेणखतातले, काडीवरचे सूक्ष्मजंतू तिच्यातून थेट आत जातात. एरवी कातडी त्यांना शिरू देत नाही. तिचा सर्वांत वरचा थर मृत, कोरड्या पेशींचा असतो. तो सारखा झडतो आणि त्याचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी असतो. अशा जागी बहुतेक रोगजंतूंचा निभाव लागत नाही.

कातडी कापली गेली की काही मिनिटांत प्लेटलेट एकमेकींना चिकटून रक्ताची गुठळी करतात. शेजारच्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. त्याने केशवाहिन्या रुंदावतात आणि त्यांतून द्रव पाझरतो. बोट लाल होतं, गरम लागतं, सुजतं, ठणकतं. पहिल्या दोन दिवसांतला हा त्रास म्हणजे बहुतेक वेळा शरीराचा बचावच असतो. एवढ्यावरून लगेच अँटिबायोटिक घ्यायची गरज नसते.

मग न्यूट्रोफिल येतात. रक्ताच्या रिपोर्टमध्ये त्यांची वेगळी ओळ असते. पांढऱ्या पेशींत त्यांचं प्रमाण साधारण ४० ते ७० टक्के. रासायनिक खुणांचा माग काढत त्या केशवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, दोन पेशींमधल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि काही तासांत जखमेत पोचतात. जंतू गिळला की त्याच्यावर त्या हायपोक्लोरस आम्ल सोडतात. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन टाकल्यावर जंतू मारतं तेच हे रसायन, आणि आपल्या पेशी ते जागेवर तयार करतात! या कामात त्या स्वतःही मरतात. पू म्हणजे मुख्यतः या मेलेल्या पेशी. हाडांतला मगज रोज सुमारे १०० अब्ज नव्या न्यूट्रोफिल बनवतो. मधुमेहात साखर वाढलेली असेल तर मात्र या पेशी मंदावतात, म्हणून अशांनी छोटी जखमही अंगावर काढू नये.

एक-दोन दिवसांनी मॅक्रोफेज येऊन मेलेल्या पेशी आणि कचरा साफ करतात. दरम्यान डेंड्रायटिक पेशी जंतूंचे तुकडे घेऊन काखेतल्या लसिका ग्रंथीत जातात. हाताला जखम आणि काखेत अवधाण, ती यामुळेच. तिथे त्या जंतूवर नेमक्या बसणाऱ्या बी-पेशी वाढतात आणि प्रतिपिंडं बनवतात. पहिल्या खेपेला याला आठवडा ते दोन आठवडे लागतात. आधीच्या लसीने किंवा संसर्गाने त्या जंतूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी तयार असतील तर मोजके दिवस पुरतात.

म्हणून सुरुवातीलाच जंतूंची संख्या कमी करणं सर्वांत मोलाचं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच-दहा मिनिटं धुवावी, खोलवरची माती निघेपर्यंत. हळद, चुना, तंबाखू भरू नये; त्याने घाण आत अडकते. कोरडी पट्टी बांधावी. त्या हाताने पेस्टिंग तर करूच नये. छाटलेल्या काडीवरचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून त्यात लावतात ते हायड्रोजन सायनामाइड धडधाकट कातडीही भाजतं. लाली तिसऱ्या दिवसानंतरही पसरत असेल, मनगटाकडून वर लाल रेघ चढत असेल किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

धनुर्वाताला मात्र एवढं पुरत नाही. त्याचे बीजाणू माती-शेणात वर्षानुवर्षं टिकतात आणि खोल, हवा न पोचणाऱ्या जखमेत जागे होतात. बाहेरून जखम बरी दिसत असतानाही आत विष तयार होत असतं. ते इतकं जहाल की जीव घेणारी मात्रासुद्धा प्रतिकारशक्ती जागी करायला अपुरी पडते, त्यामुळे रोगातून वाचलेल्यालाही लस घ्यावीच लागते. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर दर १० वर्षांनी एक बूस्टर पुरतो. जखम मातीने भरलेली असेल आणि शेवटचा डोस घेऊन ५ वर्षं झाली असतील तर तो लगेच घ्यावा. लहानपणी लस मिळाली की नाही हेच ठाऊक नसलेल्या मजुराला अशा जखमेनंतर नुसती लस पुरत नाही, कारण त्याच्या शरीरात स्मृतिपेशीच नसण्याची शक्यता असते. त्याला लसीसोबत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, आणि लसीचे उरलेले डोसही पुढे पूर्ण करावे लागतात.