ठाण्याचा किल्ला पर्यटकांना कधी खुला होणार? एका रखडलेल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

ठाण्यात पाहुणे आले की तलावपाळी, कोपिनेश्वर, उपवन आणि वेळ उरला तर घोडबंदरचा किल्ला, असा बेत ठरतो. शहराच्या अगदी मध्यात, कोर्टनाक्यापासून चालत काही मिनिटांवर असलेला ठाण्याचा किल्ला या बेतात कधीच नसतो. त्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे. कारागृह शहराबाहेर न्यावे आणि किल्ला लोकांसाठी खुला करावा, ही मागणी दर काही वर्षांनी वर येते, गाजते आणि पुन्हा मागे पडते. ती का रखडते हे समजायला किल्ल्याचा आणि कारागृहाचा असे दोन्ही इतिहास लागतात.

साष्टीवरचा, म्हणजे ठाणे ज्या बेटावर वसले त्यावरचा, पोर्तुगीज अंमल आणि तो मोडणारी मराठ्यांची वसईची मोहीम सर्वांना ठाऊक आहे. इथे एवढेच महत्त्वाचे, की १७३७ च्या मार्चअखेर मराठ्यांनी ठाणे घेतले तेव्हा हा किल्ला पुरा बांधूनही झालेला नव्हता. पुढच्या वर्षी पोर्तुगीजांनी तो परत घेण्याचा प्रयत्न केला. त्यात त्यांचा सेनापतीच तोफेच्या गोळ्याने पडला आणि मोहीम फसली. पोर्तुगीजांनी सुरू केलेला किल्ला मराठ्यांनी पोर्तुगीजांविरुद्धच लढवला, ही गोष्ट ठाण्यातल्या शाळेतल्या मुलांनाही सांगितली जात नाही.

डिसेंबर १७७४ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी किल्ल्याला वेढा घातला. पुण्यात पेशव्यांच्या गादीवरून वाद पेटलेला होता. गोव्याहून पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येत असल्याची बातमी मुंबईत पोचली होती आणि त्यांच्या आधी आपण पोचायचे, असा इंग्रजांचा हिशेब होता. २८ डिसेंबरला किल्ला पडला. या लढाईत इंग्रजांचा आरमारी अधिकारीही प्राणघातक जखमी झाला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली.

किल्ल्याचे तुरुंगात रूपांतर एका हुकमाने, एका दिवसात झाले नाही. आधी तो राजकीय कैदी ठेवायची सुरक्षित जागा झाला आणि त्यातला सर्वांत गाजलेला कैदी म्हणजे त्रिंबकजी डेंगळे. १८१५ मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला आणि त्याचा ठपका त्रिंबकजीवर आला. दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या या कारभाऱ्याला आमच्या ताब्यात द्या, असा आग्रह इंग्रजांनी धरला आणि त्याला ठाण्यात आणून ठेवले. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले. देशी शिपाई फितूर होतील ही भीती होती. नेमकी तीच सावधगिरी अंगाशी आली. किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, त्रिंबकजीच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणत असे आणि त्या गाण्यांतून बाहेरचा निरोप आत पोचत असे. गोऱ्या शिपायांना मराठीचा गंधही नव्हता. सप्टेंबर १८१६ मधल्या पावसाळी रात्री त्रिंबकजी वेश बदलून निसटला. पुढच्याच वर्षी पेशवे आणि इंग्रज यांच्यात शेवटचे युद्ध पेटले. या पलायनाचा त्यात मोठा वाटा होता. ही घटना जिथे घडली ती जागा आज कोणालाही पाहता येत नाही, याची खंत वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किल्ला रीतसर जिल्ह्याचा तुरुंग झाला. कंपनी सरकारविरुद्ध उठलेले महादेव कोळ्यांचे नायक राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी इथे फाशी दिले. वासुदेव बळवंत फडके एडनला रवाना होण्याआधी काही काळ इथे होते. विनायक दामोदर सावरकरही अंदमानला जाण्यापूर्वी याच तुरुंगात होते. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला २१ डिसेंबर १९०९ रोजी नाटकगृहात गोळ्या घातल्याबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फासावर चढवले. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. नातेवाइकांच्या ताब्यात देह दिले नाहीत. खाडीकाठीच अंत्यसंस्कार उरकले. कारागृह लोकांना खुले करण्याच्या मागणीला जे काही बळ आहे ते प्रामुख्याने या तारखेतून येते.

आता आजच्या वादाकडे. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात कारागृह पर्यटन सुरू करण्याचा निर्णय झाला. २६ जानेवारीला येरवड्यापासून सुरुवात झाली. शाळकरी मुलांना ५ रुपये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना १० आणि इतरांना ५० असे तिकीट ठरले. पुढच्या टप्प्यात ठाणे, नाशिक आणि रत्नागिरी ही नावे होती. ठाणेकरांना त्या वेळी फार आनंद झाला, पण येरवड्याचा साचा ठाण्याला जसाच्या तसा बसत नाही याकडे कोणी लक्ष दिले नाही. येरवडा इंग्रजांनी तुरुंग म्हणूनच बांधले. तिथे विस्तीर्ण आवार आहे. गांधीजींची बराक किंवा पुणे करार झाला ती जागा दाखवताना बाकीचा तुरुंग बाजूला ठेवता येतो. ठाण्यात तट हीच तुरुंगाची भिंत आहे. बुरुजावर चढलेला पर्यटक थेट बराकींकडे बघणार. आत अकराशेच्या आसपास कैद्यांची सोय असताना त्याच्या काही पट माणसे राहतात आणि त्यांतले बहुतेक कच्चे कैदी आहेत. ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही अशा माणसांकडे तिकीट काढून पाहायला जाणे मला तरी पटत नाही.

म्हणूनच कारागृहच हलवा, हा दुसरा प्रस्ताव जोर धरतो. त्याच्या बाजूने बोलणारे सगळे इतिहासप्रेमी नाहीत. कारागृहाभोवतीच्या बांधकामांवर सुरक्षेसाठी उंचीची बंधने आहेत. आसपासच्या जुन्या चाळी आणि इमारतींचा पुनर्विकास त्यामुळे वर्षानुवर्षे अडून राहतो. गळक्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबांची ही तक्रार खरी आहे आणि ती सुटलीच पाहिजे. पण स्टेशनजवळची, खाडीलगतची एवढी जमीन मोकळी झाली की तिच्यावर कोणाकोणाची नजर जाईल हे ठाणेकराला वेगळे सांगायला नको. तलाव बुजवून वस्त्या झालेल्या शहराने ही शंका घेतली तर तिला दोष देता येणार नाही.

विरोधाची बाजूही हलकी नाही. न्यायालय शेजारी आहे. तारखेला कैदी नेण्या-आणण्याला पोलिस पार्टी अपुरी पडते ही रोजची रड आहे आणि कारागृह लांब गेले की तारखा आणखी चुकणार. सकाळी दारासमोर पाहिले तर आतल्या कैद्यांच्या मुलाखतीसाठी थांबलेल्या बायका दिसतात. एका हातात आधार कार्डाची झेरॉक्स, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी, कडेवर मूल. यांतल्या कित्येक जणी पहाटेची गाडी पकडून वसई-पालघरकडून येतात. स्टेशनवरून चालत येता येते म्हणून त्यांची भेट होते. पर्यटनाच्या चर्चेत त्यांचा उल्लेखही होत नाही.

दोन्ही बाजूंच्या भांडणात एक गोष्ट राहून जाते. खुले करायचे ते नेमके काय? भाषणांमध्ये फाशीची जागा आणि हुतात्मा स्मारक एवढेच येते. १९१० चे मोल कोणी नाकारत नाही, पण तेवढेच दाखवले तर १७३७, १७७४ आणि १८१६ या तिन्ही तारखा पुसल्या जातील. राघोजी भांगऱ्यांचेही तसेच झाले. आदिवासी संघटनांनी त्यांची स्मृती जागती ठेवली नसती तर शहराला त्यांचे नावही आठवले नसते. आणि कारागृह एकदा रिकामे झाले की पुढे तटाला हात लागणार नाही, याची लेखी हमी आजवरच्या कोणत्याही घोषणेत ठळकपणे आलेली नाही.

यातला काही भाग कारागृह न हलवताही करता येईल. तटाच्या बाहेरच्या बाजूने, पहाऱ्याला अडथळा न होता, इतिहासाचे फलक लावता येतात. सध्या बाहेरून भिंत पाहणाऱ्याला ती किल्ल्याची आहे हे कळायला काहीच साधन नाही. स्मारकाच्या ठिकाणी १९ एप्रिल आणि २ मे या दोन दिवशी, आधी नावे नोंदवून, मर्यादित संख्येने सामान्य नागरिकांना प्रवेश देता येईल. तट आणि बुरुजांचे मोजमाप, आराखडे आणि छायाचित्रे कारागृहाच्या परवानगीने आजच करून अभिलेखागारात ठेवता येतील. चिऱ्यांच्या सांध्यांत उगवलेले पिंपळ त्या कामाआधी काढावे लागतील, नाहीतर मोजायला तट शाबूत राहणार नाही.