किडनीत नवे नेफ्रॉन उगवत नाहीत

नेफ्रॉन म्हणजे किडनीतले रक्त गाळून लघवी बनवणारे सूक्ष्म घटक. "एक किडनी दिली तरी काळजी नको, उरलेलीत नवे नेफ्रॉन तयार होतात" हा मजकूर व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतोय. हल्ली त्याला एखाद्या काढ्याची जाहिरातही चिकटलेली असते. अर्धवट खरा असल्यामुळेच तो टिकलाय. उरलेली किडनी वाढते खरी, पण आहेत तेच नेफ्रॉन मोठे होऊन जास्त काम करतात. संख्या वाढत नाही.

नेफ्रॉन घडवणाऱ्या मूळ पेशी फक्त गर्भात असतात. सिक्स-२ हे जनुक त्यांना मूळ अवस्थेत राखतं, म्हणून साठा लगेच संपत नाही. शेजारच्या मूत्रवाहिनीच्या अंकुराकडून डब्ल्यूएनटी-९बी या प्रथिनाचा संकेत आला, की काही पेशी डब्ल्यूएनटी-४ हे जनुक चालू करतात, एकत्र येतात आणि त्या पुंजक्याची पुढे नेफ्रॉनची नळी होते. गर्भारपणाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत सगळा साठा खर्ची पडतो. बियाणंच संपल्यावर खत कुठे घालणार?

किडनीला अचानक इजा झाली तर नेफ्रॉनच्या नळीतल्या उरलेल्या पेशी विभागून झीज भरून काढतात, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) उतरतं आणि श्रेय काढ्याला जातं! गाळणीतल्या पोडोसाइट पेशींना तर तेवढंही फारसं जमत नाही. झेब्राफिश हा छोटा मासा मात्र मोठेपणीही नवे नेफ्रॉन बनवतो.