दोन टिंबांमधला आवाज

परवा सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी भाचीने मोबाइलवर टोन वाजवणारं ॲप उघडलं आणि काटा वर सरकवत नेला. बारा हजार हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला बारा हजार कंपनांना, बाबा म्हणाले, "बंद केलंस का गं?" पंधरा हजारांवर मीही बाद. सोळा हजारांवर ती एकटी "ई, कान दुखतात" म्हणून ओरडत होती. मोबाइल तिच्याच हातात होता!

पुस्तकात माणसाची श्रवणमर्यादा २० ते २०,००० हर्ट्झ दिलेली असते, पण वरची कड लहान पोरांचीच. आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीत केसपेशी असतात. उंच आवाज टिपणाऱ्या अगदी तोंडाशी, आणि वयाबरोबर त्याच आधी निकामी होतात. पुन्हा उगवत नाहीत. गाण्याचं मात्र फारसं अडत नाही: काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, पियानोची शेवटची पट्टी ४,१८६. त्याच्या वर असतात ते स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे बारीक सूर, आणि झांजेची झणझण.

त्याच आठवड्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात गाणी ऐकायचा प्लेअर बघायला गेलो. विक्रेता पोरगा म्हणाला, "काका, १९२ किलोहर्ट्झवालाच घ्या. सीडीत आवाज तुटक असतो." आणि बिलाच्या पाठीवर त्याने एक लाट काढून तिच्यावर जिन्यासारख्या पायऱ्या रेखाटल्या.

ते चित्रच सगळ्या गैरसमजाचं मूळ आहे. सीडीसाठी आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून ठेवतात; पोरग्याचे १९२ किलोहर्ट्झ म्हणजे हीच मोजणी सेकंदाला १,९२,००० वेळा. ही मोजमापं, म्हणजे नमुने, नुसती टिंबं; मधल्या पायऱ्या चित्र काढणाऱ्याच्या. अभियंता नायक्विस्टने १९२८मध्ये ज्याची दिशा दाखवली आणि गणितज्ञ शॅननने १९४९मध्ये जे सिद्ध करून मांडलं, ते असं: मोजणीच्या निम्म्या वेगापेक्षा उंच काही आवाजात नसेल, तर त्या टिंबांमधून एकच लाट जाऊ शकते. दुसरी कुठलीही वळणं घ्यायची तर त्याहून उंच वारंवारता लागेल, आणि ती तर नाहीच. म्हणजे मधलं काहीही हरवत नाही. प्लेअरमधून बाहेर येते ती गुळगुळीत लाटच.

अट मोडली तर मात्र भुताटकी होते. ३०,००० हर्ट्झचा आवाज आत शिरला, तर ४४,१०० वजा ३०,००० म्हणजे १४,१०० हर्ट्झचा, मुळात नसलेला सूर ऐकू येतो. म्हणून मोजण्याआधीच असे उंच सूर अडवणारी गाळणी लावतात. ती सुरीसारखी कापत नाही, तिला उतार लागतो. २०,००० ते २२,०५० (४४,१००चं निम्मं) ही जागा त्या उतारासाठी. नेमका ४४,१०० हा आकडा मात्र जुन्या व्हिडिओ टेपचा वारसा, कारण आवाजाचे आकडे आधी तिच्यावरच साठवत: चित्राच्या दर ओळीत ३ नमुने, २९४ ओळी, सेकंदाला ५० वेळा. गुणून बघा. सीडी १९८२मध्ये बाजारात आली, आकडा तोच राहिला.

काटकसर केली तर काय होतं, ते लँडलाइनने दाखवलंच आहे. सेकंदाला ८,००० नमुने, साधारण ३,४०० हर्ट्झवर आवाज बंद. 'साठे' सांगावं आणि पलीकडच्याने 'फाटे' लिहून घ्यावं!

स्टुडिओत ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ कामाचे असतात, कारण गाळणी सौम्य ठेवता येते. घरी ऐकताना त्यातून जास्त काही मिळत नाही. उलट न ऐकू येणारे सूर ॲम्प्लिफायरमध्ये एकमेकांत मिसळून ऐकू येणारी खरखर तयार करू शकतात.

मी त्याच बिलावर पायऱ्यांची टोकं जोडत एक रेघ ओढली. पोरगा जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "मग साधाच देऊ का, काका?"