कवडीची पाठ का फोडतात?

तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. तिच्यातली एखादी कवडी उलटी करून पाहिली, तर पुष्कळदा तिला पाठच नसते. पुढून दातेरी तोंड आणि गुळगुळीत ओठ जागच्या जागी, मागून मात्र हरभऱ्याच्या दाण्याएवढं भोक. हे भोक मुद्दाम पाडलेलं असतं. तांड्यावरच्या बंजारा बायांच्या भरतकामात तेच दिसतं, पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधायच्या कवड्यांच्या पट्ट्यातही तेच. चीन, काँगो, नागालँड इथल्या जुन्या वस्तूंतही पाठ फोडलेल्या किंवा घासून सपाट केलेल्या कवड्या सापडतात. एकमेकांना कधी न भेटलेल्या कारागिरांना तोच उपाय सुचला, याचं उत्तर कवडीच्या अंगातच आहे.

कवडी म्हणजे एका समुद्री गोगलगाईचं कवच. आपल्याकडच्या माळांत मुख्यतः दोन जाती आढळतात. पहिली मोनेटारिया मोनेटा. पिवळसर रंगाची, कडेला टेंगळं असलेली, थोडी कोनदार. १७५८ साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने तिला नाव दिलं तेच मुळी पैशावरून. दुसरी मोनेटारिया ॲन्युलस. ही गुळगुळीत, अंडाकृती आणि पाठीवर सोनेरी कडं असलेली. पाठ फोडली की हे कडंही जातं, म्हणून जुन्या माळेतली जात ओळखायची तर तोंडाच्या बाजूने घडण पाहायची. टेंगळं असतील तर मोनेटा, सरळ लंबगोल असेल तर ॲन्युलस.

हा प्राणी लहान असताना त्याचं कवच पातळ, पेचदार आणि रुंद तोंडाचं असतं. वयात येताना कवचाची कड आत वळते, समोरासमोरच्या ओठांवर दात धरतात, मधे अरुंद फट राहते आणि पेच आतल्या आत दडून जातो. त्यानंतर कवडी लांबीला वाढत नाही, फक्त जाड होत जाते. कलाकुसरीच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. वाढ एका टप्प्यावर थांबत असल्याने पसाभर कवड्यांतल्या बहुतेक दीड ते अडीच सेंटिमीटरच्या भरतात. निवडून घेतल्या तर मण्यांसारखी एकसारखी रांग जमते, तीही कुणी न घडवता.

चकाकीचंही कारण आहे. जिवंतपणी कवडीचा मांसल पदर, ज्याला प्रावार म्हणतात, दोन्ही बाजूंनी वर येऊन कवच झाकून टाकतो. तोच बाहेरून चुन्याचे नवे थर चढवत राहतो आणि शेवाळ किंवा इतर जीव कवचावर बसू देत नाही. कवडीला कुणी पॉलिश केलेलं नसतं, ती प्राण्याची स्वतःची झिलई असते. म्हणूनच ती एकदा गेली की पुन्हा येत नाही.

कवच बनतं ॲरागोनाइटचं. हे कॅल्शियम कार्बोनेटचं एक रूप, म्हणजे मूळ घटक खडूचाच. पण त्याच्या सूक्ष्म पट्ट्या थराथराने दिशा बदलत रचलेल्या असतात. तुराट्यांचा कूड उभ्या-आडव्या काड्यांनी बांधला की जसा घट्ट राहतो, तसंच काहीसं. तडा एका थरातून सरळ जातो, पुढच्या थरात त्याला वळावं लागतं आणि तिथे त्याचा जोर संपतो. पाठीवर नेमका घाव घातला तर भोक पडतं आणि बाकीची कवडी शाबूत राहते, ते यामुळे.

मराठवाड्याला समुद्र नाही. पोवळ्यांच्या खडकांवर राहणाऱ्या या कवड्यांचं जुन्या काळातलं सर्वांत मोठं आगर म्हणजे मालदीव बेटं. तिथले लोक उथळ पाण्यात नारळाच्या फांद्या टाकत, त्यांवर कवड्या चढल्या की फांद्या ओढून काढत, असं जुन्या अरब लेखकांनी लिहून ठेवलं आहे. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काझी म्हणून राहिलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता पुढची पायरी सांगतो. कवड्या खड्ड्यात पुरून ठेवायच्या, आतलं मांस सडून गेलं की उरतं ते कवच. बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन त्या नेत. पुढे हाच माल युरोपीय जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत गेला आणि गुलामांच्या खरेदीत वापरला गेला. एकट्या अठराव्या शतकात सुमारे १,००० कोटी कवड्या या वाटेने गेल्याचा इतिहासकारांचा अंदाज आहे. देखण्या वस्तूमागचा हा हिशेब विसरता कामा नये.

आपल्याकडे कवडी सर्वांत खालचं चलन होतं. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत कोष्टक आहे: २० वराटक म्हणजे एक काकिणी, ४ काकिणी म्हणजे एक पण, १६ पण म्हणजे एक द्रम्म. वराटक म्हणजे कवडी. गुणाकार केला तर एका द्रम्माला १,२८० कवड्या. एक कवडी साधारण एक-सव्वा ग्रॅमची धरली, तर एका नाण्याच्या बदल्यात दीड किलोच्या आसपास ओझं. बाजार समितीत सोयाबीनला कवडीमोल भाव मिळाला असं शेतकरी म्हणतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात हेच कोष्टक जिवंत असतं.

चलनातून गेल्यावरही कवडी अंगावर राहिली. त्याआधीही होतीच. चीनमध्ये आन्यांगला १९७६ साली उघडलेल्या फू हाओ राणीच्या थडग्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमाराच्या, जवळपास ७,००० कवड्या निघाल्या. काँगोतल्या कुबा लोकांच्या मुखवट्यांवर मणी आणि कवड्या दाटीने शिवलेल्या असतात. पाकिस्तानातल्या चित्रालच्या कलाश बायकांच्या शिरोवस्त्रावर कवड्यांचे पट्टे पाठीवर उतरतात. नागालँडच्या अंगामी पुरुषांच्या काळ्या वस्त्रावर कवड्यांच्या आडव्या रांगा असतात. कुठे ती डोळा मानली जाते, कुठे योनीचं आणि सुफलतेचं चिन्ह, कुठे धनाचं. अर्थ बदलतात, पण जवळपास सगळीकडे तोंडाची बाजू वर आणि पाठ कापडाकडे. सगळे अर्थ त्या दातेरी फटीतूनच निघतात.

इथे पाठ आडवी येते. अख्खी कवडी कापडावर ठेवली तर घुमटावर डोलते, कलते, आणि दोऱ्याला धरायला जागा नसते. पाठ काढली की बूड सपाट होतं, उंची कमी होते, वजन घटतं आणि सुईला आरपार वाट मिळते.

काम असं होतं. आधी निवड: पुठ्ठ्याला १८, २० आणि २२ मिलिमीटरच्या खाचा कापून प्रत्येक कवडी त्यांत लावून पाहायची आणि तीन ढीग करायचे. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवायच्या, आत अडकलेली वाळू सुटते. फोडताना कवडी तोंडाकडून ओल्या मातीच्या गोळ्यात अर्धी रुतवायची आणि छोट्या हातोडीने घुमटाच्या सर्वांत उंच जागी हलके दोन-तीन टोले द्यायचे. रुंद टोकाजवळ टोला बसला तर आतला पेच फुटतो आणि तडा ओठापर्यंत येतो. थेट फरशीवर ठेवून मारलं तर दात तुटतात, कारण सगळा जोर तोंडाच्या कडांवर जातो.

दुसरी रीत घासण्याची. खरबरीत दगडावर पाणी टाकून पाठ गोल गोल घासायची, खिडकी उघडेपर्यंत. वेळ लागतो, हात भरून येतो, पण कड सपाट आणि सरळ मिळते. हीच रीत सरस आहे. फोडलेल्या कवडीची कड करवतीसारखी राहते आणि तीच पुढे दोरा कापते. फोडलीच असेल, तर कड आधी २२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून बोथट करायलाच हवी. कोरडं घासू नये. चुन्याची बारीक धूळ नाकात आणि डोळ्यांत जाते.

शिवताना दोरा सुती, दुहेरी, मेणावरून ओढलेला. कवडीच्या दोन्ही टोकांना फटीच्या शेवटी एक छोटी खाच असते. सुई कापडातून टोकाबाहेर वर काढायची, खाचेवरून तोंडात घालायची आणि पोकळीतून परत कापडात उतरवायची. असे तीन वेढे एका टोकाला, तीन दुसऱ्या टोकाला. दोरा खाचेत बसतो, दिसतही नाही. प्रत्येक कवडीमागे गाठ मारायची. सलग एकाच दोऱ्यावर रांग शिवली, तर एक टाका तुटताच पाच-सहा कवड्या गळतात. बंजारा भरतकामात चार कवड्या टोकाला टोक लावून फुलासारख्या बसवलेल्या दिसतात. त्यांना मधल्या टोकाचे टाके सर्वांत शेवटी घालावेत, म्हणजे फूल वाकडं होत नाही.

अंदाजाला एवढं पुरे: आडव्या, शेजारी-शेजारी लावल्या तर ३० सेंटिमीटरच्या पट्टीला सुमारे २० कवड्या, उभ्या, टोकाला टोक लावल्या तर १५. दोन्ही बाजूंनी तोंड दिसावं म्हणून पाठीला पाठ लावून माळ ओवली, तर ७५ सेंटिमीटरला गाठी धरून ३३ जोड्या, म्हणजे ६६ कवड्या. फुटीसाठी दहा जादा घ्याव्यात.

बाजारात आता प्लॅस्टिकच्याही मिळतात. खरी कवडी हाताला थंड आणि आकाराच्या मानाने जड लागते. प्रत्येकीचे दात वेगळे असतात. प्लॅस्टिकच्या कवड्या एका साच्यातल्या, कडेने साच्याची बारीक रेघ. शंका राहिलीच, तर फोडलेल्या कडेवर व्हिनेगरचा थेंब टाकायचा. बुडबुडे आले तर चुना आहे. थेंब लगेच पुसून पाण्याने धुवावा.

त्या बुडबुड्यांतच कवडीच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ आहे. आम्ल लागलं की चुना विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. नवरात्राआधी घरातली तांब्या-पितळेची भांडी चिंच-लिंबाने उजळतात, त्याच हाताने माळही घासली जाते. पहिल्या धुण्यात ती पांढरी दिसते, कारण वरचा झिलईचा थर गेलेला असतो. पुढच्या वर्षी त्याच खरबरीत पृष्ठभागावर हळद, तेल आणि देवीच्या पोताची, म्हणजे मशालीची काजळी दुप्पट बसते. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, मग पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसणं आणि सावलीत वाळवणं, इतकंच करावं. हळदीचा डाग राहिला तर काही दिवस उजेडात ठेवावा, हळदीचा रंग उजेडाने उडतो. मात्र कवड्या लाल कापडावर शिवलेल्या असतील तर उन्हात ठेवू नये, कापडाचा रंगही उतरेल. बैलाच्या पट्ट्याला घाम आणि पाऊस दोन्ही लागतात, म्हणून पोळा झाल्यावर तो तसाच गुंडाळून ठेवू नये. आधी पुसून, पूर्ण वाळवून मग ठेवावा.

ठेवण्यातली चूक सर्वांत उशिरा कळते. बंद कपाटातल्या कवड्यांवर कधी कधी पांढरी भुकटी येते. बुरशी समजून लोक ती पुसतात, ती पुन्हा येते. १८९९ मध्ये लॉफ्टस बाइन या इंग्रज संग्राहकाने तिचं वर्णन केलं आणि तो जिवाणूंचा प्रताप मानला. आजही तिला बाइनचा रोग म्हणतात, पण तो रोग नाही. लाकूड, प्लायवूड आणि पुठ्ठ्यातून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सुटते, ती दमट हवेत कवडीच्या चुन्याशी मिळून क्षार बनवते. मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा माळेला फारसा बाधत नाही. धोका पावसाळ्याच्या दमट महिन्यांचा, जेव्हा प्लायवूडचं कपाट बंदच राहतं. माळ किंवा डोक्यावर घागर टेकवायची कवड्यांची जुनी चुंबळ धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात ठेवावी, झाकण घट्ट लावू नये आणि आषाढापासून दसऱ्यापर्यंत पंधरा दिवसांतून एकदा उघडून वारा द्यावा. भुकटी दिसलीच, तर कोरड्या मऊ ब्रशने झटकावी, साध्या पाण्याने धुऊन नीट वाळवावी आणि आधी डबा बदलावा.