ना प्रवासी, ना खलाशी : तरुणांच्या शिडाच्या सफरींची पार्श्वभूमी

तरुण मुलामुलींना घेऊन शिडाचे जहाज सफरीला निघते, तेव्हा कार्यक्रमात दोन गोष्टी हमखास असतात : समुद्रातले जीव पाहणे आणि जुन्या दर्यावर्दी परंपरेची ओळख करून घेणे. सुरुवातीला यातले काहीच नव्हते. पोरे जहाजावर जात ती पोटापाण्यासाठी. वाफेच्या जहाजांनी समुद्र व्यापल्यावरही काही देशांत अधिकाऱ्याचा दाखला हवा असेल, तर शिडाच्या जहाजावर ठरावीक काळ काढावाच लागे. मालकाला स्वस्तात खलाशी मिळत, पोरांना दाखला मिळे. हा व्यवहार 1957 पर्यंत कसाबसा टिकला.

त्या वर्षी 21 सप्टेंबरला ‘पामीर’ हे चार डोलकाठ्यांचे जर्मन जहाज अझोर्स बेटांच्या नैऋत्येला चक्रीवादळात बुडाले. जहाजावर 86 जण होते, त्यांत निम्म्याहून अधिक शिकाऊ पोरे. वाचले फक्त सहा. जहाजाच्या पोटात बार्ली भरलेली होती आणि तीही बरीचशी पोत्यांत न भरता सुटी. जहाज कलले की सुटे धान्य त्याच बाजूला सरकते आणि मग ते पुन्हा सरळ होत नाही. चौकशीत ठपका या भरणीवर आला, तर मालकपक्ष वादळाच्या जोराकडे आणि जहाजाला लागलेल्या गळतीकडे बोट दाखवत राहिला. मला चौकशीचेच म्हणणे पटते. कारण थोड्याच आठवड्यांनी ‘पामीर’चेच जोडीदार जहाज ‘पासात’ बार्ली घेऊन येताना असेच कलले आणि जेमतेम लिस्बन गाठू शकले. दोन्ही जहाजांवर मालही तोच होता आणि पोरेही त्याच वयाची.

तिथून माल आणि शिक्षण यांची फारकत झाली. आदल्याच वर्षी, 1956 मध्ये, इंग्लंडच्या टॉर्बेपासून लिस्बनपर्यंत मोठ्या शिडाच्या जहाजांची शर्यत झाली होती. लंडनमधल्या एका निवृत्त वकिलाची ती कल्पना, आणि शिडाच्या युगाला एकदाचा निरोप म्हणून तिच्याकडे पाहिले गेले. लोकांनी इतकी गर्दी केली की निरोप बाजूलाच राहिला आणि शर्यती कायमच्या सुरू झाल्या. फक्त आता जहाजावर येणाऱ्या बहुतेक मुलांना खलाशी व्हायचेच नव्हते.

मग ती जहाजावर कोण म्हणून असतात? हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण या सफरींचे सगळे भवितव्य त्याच्यावर अडले होते. ‘शिडाचे प्रशिक्षण’ हा शब्दप्रयोग गोंधळ वाढवतो. शीड चालवण्याचे प्रशिक्षण, की शिडाच्या निमित्ताने माणूस घडवण्याचे? वेल्सच्या किनाऱ्यावर 1941 मध्ये निघालेल्या एका शाळेने दुसरा अर्थ आधीच मांडला होता. युद्धात जहाज बुडाल्यावर तरुण खलाशी तग धरत नाहीत, या काळजीतून ती निघाली. शिक्षण समुद्रासाठी नव्हे, समुद्राकडून, असा तिचा विचार होता. विचार उत्तम, पण कायद्याच्या रकान्यात तो बसेना.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 12 पेक्षा जास्त प्रवासी असले की ते प्रवासी जहाज. मग आग, बुडण्यापासून बचाव, आतल्या भिंती यांचे असे नियम लागतात की जुन्या लाकडी जहाजाला ते पाळताच येणार नाहीत. मुलांना खलाशी म्हणावे, तर त्यांच्याकडे ना कागदपत्रे, ना पगार. उलट तीच पैसे भरून आलेली. मेक्सिकोच्या आखातात 1961 मध्ये ‘अल्बट्रॉस’ हे विद्यार्थ्यांना घेऊन चाललेले जहाज अचानक उलटले आणि सहा जण गेले, तेव्हा हा घोळ चव्हाट्यावर आला. अमेरिकेत त्याचा निकाल लागायला 1982 उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने तिसरा रकाना केला : नौकानयन शाळेचा विद्यार्थी. तो प्रवासी नाही आणि खलाशीही नाही.

सगळीकडे मात्र असे झाले नाही. विशेष कामाच्या जहाजांसाठी 2008 मध्ये नव्याने आलेल्या आंतरराष्ट्रीय संहितेत प्रशिक्षण धरले आहे ते समुद्रावर व्यावसायिक कारकीर्द करू पाहणाऱ्यांचे. म्हणजे पंधरा दिवसांसाठी आलेली सतरा वर्षांची मुलगी पुन्हा अधांतरी. मध्यरात्री पहाऱ्याला उठणारी, सुकाणू धरणारी, पावसात दोर ओढणारी मुलगी प्रवासी कशी, हे मला कधीच पटलेले नाही.

वारशाची बाजू याहून नाजूक आहे, कारण पुष्कळदा जहाज हाच वारसा असतो : डागडुजी केलेले जुने मालवाहू गलबत. ‘मार्केस’ हे असेच 1917 मध्ये स्पेनमध्ये बांधलेले जहाज. जून 1984 मध्ये, शर्यत चालू असताना, बर्म्युडाजवळ वाऱ्याच्या एका झोताने ते आडवे पडले आणि पाहता पाहता बुडाले. 28 पैकी 19 जण गेले. जुनेपणाच्या प्रेमापोटी सुरक्षिततेत सूट देता येत नाही, हे त्यानंतर कोणाला सांगावे लागले नाही. बुडालेल्या जहाजांबाबत युनेस्कोच्या 2001 च्या कराराने दिशा दिली. शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेले अवशेष शक्यतो आहेत तिथेच राहू द्यायचे, ही त्याची भूमिका.

जीवसृष्टीचा अभ्यास तसा जुना. ‘बीगल’ या जहाजावरच्या 22 वर्षांच्या निसर्ग-अभ्यासकाने, चार्ल्स डार्विनने, जानेवारी 1832 मध्ये कापडाची पिशवी जहाजामागे ओढून सूक्ष्म जीव गोळा केले होते. पाण्याची पारदर्शकता मोजायची पांढरी तबकडी 1865 ची. आजही ती दोरीने खाली सोडतात आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचतात.

पण मुलांनी मोजलेल्याला खरा मान 2010 मध्ये, ती मोजणी शोधनिबंधात आली तेव्हा, मिळाला. 1986 ते 2008 या 22 वर्षांत शिडाच्या जहाजांवरच्या विद्यार्थ्यांनी वायव्य अटलांटिक आणि कॅरिबियन समुद्रात 6,100 हून अधिक वेळा जाळे ओढले होते. जाळे पृष्ठभागावर ठेवायचे, सुमारे दोन नॉट (ताशी दोन सागरी मैल) वेगाने एक सागरी मैल जायचे, मग हाती लागलेल्या चिखलट गोळ्यातून प्लास्टिकचे तुकडे चिमट्याने एकेक वेचून मोजायचे. चौसष्ट हजारांवर तुकडे भरले. जगातले प्लास्टिकचे उत्पादन वाढत असताना त्या पाण्यातले प्रमाण मात्र त्या मानाने वाढलेले दिसले नाही. मग बाकीचे जाते कुठे, हा प्रश्न संशोधकांपुढे ठेवणारी आकडेवारी ही होती. ती गोळा करणाऱ्या मुलांना 1982 च्या कायद्यानंतर जहाजावर तोच तिसरा रकाना लागू होता.